कर्ता हात

‘इन्कार्नडाइन’ हे क्रियापद इंग्रजी बोलण्यात सहसा कानावर पडत नाही. मुळात तो एक रंग. इटालियनमधल्या मांसवाचक शब्दापासून निघालेला, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला, अंगकांतीचा गुलाबी रंग. शेक्सपिअरने ‘मॅकबेथ’च्या दुसऱ्या अंकात त्याचं क्रियापद केलं आणि त्या गुलाबीत रक्त कालवलं, ते कायमचं. फिट्झजेरल्डने १८५९च्या ‘रुबायां’त त्याच शब्दाने गुलाबाच्या पिवळ्या गालावर लाली चढवली, पण तिथेही मला मॅकबेथचा हातच आठवतो.

राजा डंकनचा खून करून मॅकबेथ बाहेर आलाय. नेपच्यूनचा अख्खा महासागर तरी हे रक्त धुऊन काढेल का, असं स्वतःला विचारतो आणि म्हणतो, नाही. उलट हा हातच सगळे समुद्र लाल करील. इथे लॅटिन वळणाचे दोन ऐसपैस शब्द येतात, आणि लगेच पुढच्या ओळीत अगदी आखूड, रोजचे शब्द तेच पुन्हा सांगतात. भारदस्त शब्दाआड क्षणभर लपलेला रंग मॅकबेथला उघडानागडा बघावा लागतो.

एवढं मराठीला जमतं. तत्सम आणि देशी असे दोन थर आपल्याकडे आहेतच. अडतं ते क्रियापदापाशी. रंगांची क्रियापदं मराठीत आहेत, काळवंडणं, पांढरणं, तांबारणं. पण ती आपोआप घडतात. आभाळ काळवंडतं, डोळे तांबारतात, कुणी काही केलेलं नसतं. ‘समुद्र तांबारतील’ म्हटलं की मॅकबेथ सुटला! शेक्सपिअरच्या वाक्यात कर्ता हात आहे आणि भाषांतरात मला तो गमवायचा नव्हता. ‘रंगवणं’ला कर्ता मिळतो, पण भिंतीच्या चुन्याचा वासही येतो. ‘माखणं’ अंगाला चिकटतं, समुद्रापर्यंत पोचत नाही.

शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ हे ‘मॅकबेथ’चं रूपांतर. तिथे वाक्य नव्याने मांडायची मोकळीक असते. मी भाषांतर करत होते. शेवटी ‘तांबारवणं’ असं प्रयोजक रूप घडवलं आणि ‘हात’ हा शब्द त्याला खेटून ठेवला, म्हणजे नट दोन्ही एकाच श्वासात म्हणेल. पुढच्या ओळीला नुसतं ‘लाल’.

तालमीत ‘तांबारवील’वर नटाची जीभ अडखळायची. सोपा शब्द द्या, असं त्याने सुचवलं. मी बदलला नाही. मूळ शब्दही तोंडात सहज वळत नाही, आणि खून करून आलेल्या माणसाने इथे सफाईने बोलावं असं मला वाटत नाही.