सुमोचा मेकओव्हर, परभणी स्टाइल!

पुण्यात कार इंटिरिअर म्हटलं की कोटेशन ऐकूनच घाम फुटतो. परभणीत तो उन्हानेच फुटतो! पण काम घरच्या अंगणात होतं.

आमच्या एमएच-२२ सुमोला १५ वर्षं होताहेत. आरटीओत पास झाली तर आणखी ५ वर्षं, नाहीतर बाबांची लाडकी थेट भंगारात. (१९९४ मध्ये आलेल्या सुमोचं नाव टाटांच्या सुमंत मूळगावकरांवरून पडलं, हे बाबा प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात.)

खरा व्हिलन इथली काळी माती. उन्हाळ्यात पीठ होऊन कारपेटखाली बसते, पावसाळ्यात ओल धरते आणि पत्रा गुपचूप खाते. म्हणून सीट कव्हर नंतर. आधी सीटचे बोल्ट खोला, कारपेट उचला. तारेच्या ब्रशने गंज घासा, रेड ऑक्साइड मारा, मग रंग. भोकच पडलं असेल तर मात्र सरळ वेल्डर गाठा, तिथे हौस नको.

छताचं कापड लोंबतंय? उष्णतेने आतला फोम भुसभुशीत होतो. तो पूर्ण खरवडा, दोन्ही बाजूंना सोल्युशन लावा, बोटाला चिकटेनासं झालं की मधून कडेकडे दाबत न्या. आणि सीटला रेक्झिन? प्लीज, नको! मे महिन्यात चटका बसतो. जाड सुती कापडच बेस्ट.

ट्रायलला जिंतूरमार्गे येलदरी धरण गाठलं. खडखडाट कमी, आत धूळ जवळजवळ नाही. बाबा मागच्या सीटवर चक्क घोरत होते. सोमवारी आरटीओची तारीख आहे.