उडीची मजुरी

बुलडॉग पाळणाऱ्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘हट्टी’. अंगावर उड्या मारतो, हात तोंडात धरतो, कितीही रागावलं तरी ऐकत नाही. कुत्र्यांना वळण लावण्याच्या कामात मला हा शब्द घातक वाटतो, कारण तो एकदा उच्चारला की माणूस कुत्र्याकडे बघणंच सोडून देतो. हट्ट हा स्वभाव ठरला की तो मोडायचा एवढंच उरतं. उलट, उडी ही त्याची कमाई आहे असं धरलं तर ती कमाई देतं कोण, हे शोधता येतं. दार उघडतं, तो झेपावतो आणि क्षणात माणसाची नजर, आवाज आणि दोन्ही हात त्याच्या वाट्याला येतात. आपण ‘खाली, खाली’ ओरडत त्याला ढकलतो. पण छाती लावून रेटारेटी करणं हा ज्याचा आवडता खेळ, त्याला तो खेळच सुरू झाला असं वाटतं. ज्या कृतीमागून समाधान मिळतं ती पक्की होत जाते, हे एडवर्ड थॉर्नडाइकने १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांच्या प्रयोगांतून दाखवलं. बुलडॉगच्या उडीला वेगळा नियम नाही.

‘पण याचं रक्तच तसं’, असं यावर म्हटलं जातं. बैलाच्या नाकाला धरून राहण्यासाठी ही जात इंग्लंडमध्ये घडवली गेली, हे खरं आहे. बैलावर कुत्रे सोडण्याचा तो क्रूर खेळ १८३५च्या कायद्याने बंद झाला आणि पुढच्या पिढ्या निवडल्या गेल्या त्या घरात, माणसांच्या सोबतीला राहण्यासाठी. धरलेलं सहज न सोडण्याची सवय मात्र अनेकांत दिसते. म्हणूनच त्याच्या तोंडातला हात हिसकू नये, ढिला आणि स्थिर ठेवावा. हिसकलं की ओढाओढी सुरू होते. दुसरा आधार दिला जातो तो मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांच्या १९९४च्या पुस्तकातल्या, कुत्र्यांच्या जातींच्या बुद्धिमत्तेच्या क्रमवारीचा. तिथे बुलडॉग अगदी तळाशी आहे. पण ती क्रमवारी आज्ञापालनाच्या स्पर्धांतल्या परीक्षकांच्या मतांवर बेतलेली. आज्ञा किती चटकन पाळली जाते, एवढंच ती सांगते. शिकण्याची कुवत जोखायची असेल तर उडीकडेच पाहावं. ती कुणी शिकवली नाही, तरी तो पक्की शिकला.

मग छातीत गुडघा मारणं, उताणा पाडून दाबून धरणं, ‘मालक कोण ते दाखवणं’ याचं काय? या उपायांमागची, कळपात वरचढ कोण यावरून सतत झुंज चालते ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली वर्णन केलेल्या, बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांवरून पसरली. मोकळ्या रानातला कळप बहुधा आईबाप आणि पिल्लांचं कुटुंब असतो, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ साली स्पष्ट मांडलं. बुलडॉगच्या बाबतीत तर असे उपाय सरळ धोक्याचे आहेत. त्याचं नाकाड आखूड, श्वासाची वाट अरुंद. विदर्भातल्या मे महिन्यात नुसत्या धापेनेही तो गळपटतो. अशा प्राण्याला दाबून धरणं म्हणजे त्याचा श्वासच पणाला लावणं.

काम करावं लागतं ते मजुरी बदलण्याचं. चारही पंजे जमिनीवर असतील तेव्हाच नजर, शब्द आणि खाऊ; खाऊही जमिनीलगत, म्हणजे मान वर जाणारच नाही. उडी मारली की पाहुण्याने गप्प पाठ फिरवायची. याला लाच म्हणणारे आहेत. पण लाच काम होण्याआधी दाखवतात, मजुरी काम झाल्यावर मिळते, आणि हा फरक कुत्र्यालाही कळतो. पहिले काही दिवस उड्या वाढतात. दिवा विझताना मोठा होतो, तसंच हे. नेमकं तेव्हाच लोक हरतात. दहातल्या एका उडीला काका कौतुकाने उचलून घेतात आणि सवय आणखी चिवट होते, कारण अधूनमधून मिळणारं बक्षीस दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा जास्त काळ आशा लावून ठेवतं. घरातले सगळे सारखं वागत नाहीत, हा आक्षेप म्हणूनच सर्वांत खरा. त्यावर माझं उत्तर उपदेशाचं नाही. पाहुणे यायच्या आधीच छातीपट्ट्याची दोरी खिडकीच्या गजाला बांधावी, म्हणजे उडी कुणाच्या अंगापर्यंत पोचतच नाही.

चावण्याचा विचार वयाप्रमाणे वेगळा करावा लागतो. पिल्लाचे २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे येईपर्यंत, म्हणजे सातेक महिन्यांपर्यंत, हिरड्या शिवशिवतात. पशुवैद्य आणि श्वान-प्रशिक्षक इयान डनबार आधी जोर कमी करायला आणि मग दात लावणंच थांबवायला शिकवतात. हा क्रम मला पटतो, कारण दाताचा जोर आवरायला शिकलेला कुत्रा पुढे कधी घाबरून चावला, तरी जखम हलकी होण्याची शक्यता अधिक. दात जोरात लागला की खेळ तिथेच थांबवून अर्धा मिनिट खोलीबाहेर जावं. ओरडू नये, काही पिल्लं किंचाळण्याने उलट चेकाळतात. खूप जागलेलं पिल्लूही चावत सुटतं, त्याला झोपवावं. पण मोठा झालेला कुत्रा अंग ताठ करून, डोळे रोखून अचानक चावू लागला तर यातलं काहीच आधी करू नये. बुलडॉगच्या चेहऱ्यावरच्या घड्यांत आणि कानांत जंतुसंसर्ग सहज होतो, सांधेही दुखतात. आधी पशुवैद्य, शिकवणी नंतर. आणि रक्त निघालं असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं, कुत्रा घरचा असला तरी.