दूध पिताना बाळ दमतं तेव्हा

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तान्हं बाळ दूध पिताना घामाघूम झालं, की घरातली मोठी माणसं आधी नजर उतरवतात. आमच्या नातीला तर धापही लागायची. आम्ही दुआ केली आणि दवाखानाही गाठला.

डॉक्टरांनी रक्ताची ‘एनटी-प्रोबीएनपी’ तपासणी लिहून दिली. हृदयाच्या स्नायूंवर ताण पडला, की हा घटक रक्तात वाढतो. दम छातीतल्या कफामुळे लागतो की हृदयामुळे, याचा त्यावरून अंदाज येतो. मात्र जन्मानंतरचे पहिले काही दिवस तो सगळ्याच बाळांत जास्त असतो. मूत्रपिंडाच्या आजारातही वाढतो. म्हणून आकडा वय पाहून वाचतात आणि ‘इको’, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतातच. नातीच्या हृदयातलं छिद्र इकोतच दिसलं. आता आम्ही ऑपरेशनच्या तारखेची वाट पाहतो आहोत.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. जन्मजात हृदयदोषही त्यात पाहतात. बहिणींनो, बाळ दूध पिताना दमत असेल, वजन वाढत नसेल, तर त्या तपासणीचीही वाट पाहू नका. मूल ही अल्लाहची अमानत आहे. दुआ करत करतच डॉक्टरांकडे निघा.