सूर्यास्तापूर्वीची थाळी

विमानतळावर टेबलाशी बसून जेवणे ही व्यापारी माणसाला न पटणारी गोष्ट. बाजारात जी वस्तू शंभराला मिळते तिला तेथे चारपट मोजायचे, हे हिशेबी मनाला बोचतेच. मात्र त्या भावाचा सगळा दोष उपाहारगृहाच्या मालकावर टाकणे न्याय्य नाही. त्याच्या विक्रीतील मोठा हिस्सा विमानतळ चालविणाऱ्या कंपनीकडे जातो. मुंबई-दिल्लीत अशा उत्पन्नापैकी 30 टक्के रक्कम विमान-शुल्क ठरविताना वजा धरतात. म्हणजे जेवणारा प्रवासी काही अंशी न जेवणाऱ्याच्या तिकिटाचाही भार उचलतो! डिसेंबर 2024 मध्ये कोलकाता विमानतळावर 10 रुपयांत चहा देणारे ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाले, ते या तक्रारीची दखल म्हणूनच.

परंतु रात्रिभोजनाचा त्याग केलेल्या माणसापुढचा प्रश्न निराळा असतो. सांगलीचे एक हळदीचे व्यापारी सपत्नीक दुबईला लेकीकडे निघाले होते. विमान रात्री साडेआठचे. तिकिटासोबत जैन भोजन नोंदविलेले होते. पण ते हाती येणार साडेनऊच्या पुढे. कंदमूळ नसलेले अन्न अंधारात समोर आले, तर बाईंना त्याचा काय उपयोग? गेली 31 वर्षे सूर्यास्तानंतर त्यांनी अन्न घेतलेले नाही. दशम्या आणि शेंगाची चटणी घरून घेतली होती, पण पुतण्याने तो डबा मोठ्या बॅगेत ठेवला आणि बॅग पट्ट्यावरून निघून गेली.

मुंबईत डिसेंबरच्या मध्यास सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सुरक्षा तपासणी संपली तेव्हा पाच वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. दोन थाळ्या, दोन पाण्याच्या बाटल्या, मिळून 1,400 रुपये. शेठजी फलकापाशी थबकले.

“अहो, तुम्ही नका घेऊ. मी आज उपवास धरते,” बाई म्हणाल्या. त्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या. शेठजींनी उत्तर दिले नाही. खुर्ची ओढून दिली.

“जैन आहे ना?” त्यांनी विचारले. “हो काका, कांदा-लसूण नाही. बटाटा चालेल ना?” वाढपी मुलाने निरागसपणे विचारले. जैन म्हणजे कांदा-लसणाविना, एवढाच अर्थ बाहेर रूढ झाला आहे. बाईंनी बटाटा, गाजर, आले सारे नाकारले. आतून आचारी स्वतः बाहेर आला. राजस्थानचा होता, पुन्हा समजावून सांगावे लागले नाही. “तवा धुऊन फुलके करतो, दुधीची भाजी वेगळी फोडणी देतो. पंधरा मिनिटे लागतील, माताजी.”

ती पंधरा मिनिटे शेठजी घड्याळ आणि काचेबाहेरचे ऊन आळीपाळीने पाहत राहिले. बाई डोळे मिटून णमोकार म्हणत होत्या. पाच बेचाळीसला पान आले. दोन फुलके, दुधी, साधे वरण, भात. बाई घाई न करता जेवल्या, औषध घेतले, पाणी प्यायल्या आणि हात जोडून रात्रीच्या आहाराचा त्याग केला. धावपट्टीवर अजून पिवळे ऊन होते.

शेठजींनी बिल ओळ न ओळ तपासले, वर शंभराची नोट आचाऱ्यासाठी ठेवली.

“किती झाले हो?”

“दुबईत पोहोचल्यावर सांगतो,” ते म्हणाले आणि बिल घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवले.