शाळूचा भाव

मुंबई इलाख्याच्या कामगार कार्यालयाने सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची चौकशी केली आणि १९२८ साली तिचा अहवाल छापला. सोलापूरसाठी राहणीखर्चाचा वेगळा निर्देशांकही निघू लागला; फेब्रुवारी १९२७ ते जानेवारी १९२८ हे त्याचं पायाभूत वर्ष. म्हणजे या गावाच्या चुलीवर काय शिजतं आणि त्याला किती पडतात, हा प्रश्न सरकारी कागदावर येऊन शंभर वर्षं होत आली. पुढे जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, तरी औद्योगिक कामगारांच्या महागाईचं मोजमाप ज्या ८८ केंद्रांवरून होतं त्यांत सोलापूर आजही आहे. त्या मोजमापात २००१ च्या मालिकेत खाण्यापिण्याचा वाटा ४६ टक्क्यांच्या आसपास होता, २०१६ च्या मालिकेत तो ३९ वर आला. आकडा उतरला म्हणून किराणा स्वस्त झाला असं मात्र नव्हे. भाडं, शाळा, दवाखाना, मोबाइल यांनी आपापला हिस्सा आधीच बोलून ठेवला आहे. त्यांना हात लावता येत नाही, म्हणून तेल दहा रुपयांनी चढलं की कात्री पुन्हा ताटालाच लागते.

अशा वेळी एक सल्ला हमखास फिरू लागतो: हात आखडा, बाहेरचं बंद करा, जुनं खाणं परत आणा. सोलापुरात तो पटायलाही सोपा, कारण इथलं जुनं खाणं म्हणजे ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि एखादं कालवण. यात महागण्यासारखं आहे तरी काय? माझं म्हणणं असं, की हा सल्ला दोन गोष्टी गृहीत धरतो आणि त्या दोन्ही आता उरलेल्या नाहीत. जाडंभरडं स्वस्त असतं ही पहिली, आणि घरातल्या बाईचे हात फुकट असतात ही दुसरी.

पहिलीचा निकाल हमीभावाच्या तक्त्यातच लागतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनचे दर ठरवले तेव्हा तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो धरलं होतं. ज्वारी सगळ्यांत खालच्या पायरीवर. आज तक्ता उलटा वाचावा लागतो. २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये होता, तर २०२५ च्या हंगामातल्या गव्हाचा २,४२५. म्हणजे भाकरीचं धान्य पोळीच्या धान्याच्या दीडपट. ज्या जिल्ह्यात मोहोळच्या संशोधन केंद्राने मालदांडीतून ‘एम ३५-१’ हा वाण निवडला, ज्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तिथली ही गत. कारणं गूढ नाहीत. उजनी धरणाचं पाणी आलं तसा ऊस आला, कारखाने आले. आणि कोरडवाहू शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, अजूनही हाताने उपटून, पेंढ्या बांधून, कणसं मोडून घरी न्यावा लागतो. त्या कामाला माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. भर म्हणून शहरातल्या मधुमेहींना आणि वजन उतरवणाऱ्यांना ज्वारीचा साक्षात्कार झाला आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण गरिबाने भाकरीकडे परत वळावं असं सांगणाऱ्याने आधी दुकानात भाव विचारून यावा. रेशनवर फुकट मिळणारा गहू-तांदूळ सोडून विकतचा शाळू खाणं ही आता चैनीत मोडणारी गोष्ट आहे.

दुसऱ्या गृहीतकासाठी शेंगाचटणी घ्या. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ एवढ्याच जिनसा. पण मिक्सरमधून फिरवून निघतो तो कूट. उखळात दाणे पडले की आधी कोरडा आवाज येतो, मग त्यांचा भुगा होतो, मग मुसळ जड जाऊ लागतं आणि बऱ्याच वेळाने तांबूस गोळ्याच्या कडेला तेल चमकतं. वरून थेंबही न घालता दाण्यातलंच तेल सोडवायचं, ते मनगटाच्या जोरावर. हीच चटणी आणि कडक भाकरी पाकिटात भरून पुण्या-मुंबईला जाते तेव्हा तिच्या किमतीत मजुरी धरलेली असते. घरी केली की मजुरी शून्य. सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बाईला हे शून्य परवडत नाही. तिची मजुरी हजार विड्यांवर. पानं कातरून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून ती हजारी गाठताना दिवस सरतो. उखळाशी गेलेला तास म्हणजे तेवढ्या विड्या कमी. काटकसरीने महागाई कमी होत नाही, ती पाकिटातून हातांवर सरकते एवढंच.

यावर कुणी म्हणेल, मग पुडीतल्या खाऊवर पैसे उडतात ते कसे? आक्षेप पोकळ नाही. २०२२-२३ च्या घरखर्च सर्वेक्षणात देशातल्या शहरी कुटुंबांच्या एकूण खर्चात धान्याचा वाटा ३.६४ टक्के निघाला, तर पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा १०.६४ टक्के. वेफर आणि थंड पेयं कमी केली तर पैसे वाचतील, तब्येतही. पण त्या मोठ्या आकड्यात चहाच्या टपरीवरचा नाश्ता आहे, पोराच्या हातात ठेवलेला पाच रुपयांचा बिस्किटपुडा आहे, आणि जेवण करायला घरी कुणी नसण्याची वेळही आहे. ज्याला वेळ नाही तो वेळ विकत घेतो. त्याला उधळा म्हणण्याआधी त्याच्या दिवसाचे तास मोजावेत.

खरी बचत बेगमीत आहे, हे मात्र जुन्या बायकांचं खरं. ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, लवकर जाते, मग भाकरी थापताना चिरते. म्हणून साठवायचं ते पीठ नव्हे, धान्य, आणि आठवड्यापुरतं गिरणीतून आणायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा शाळू मार्केट यार्डात उतरतो तेव्हा पोतं घेणाराला भाव बरा मिळतो. सुट्ट्या धान्यावर जीएसटी नाही. जुलै २०२२ पासून तो छापील पाकिटांवर लागतो. पण पोत्याचे पैसे एकरकमी लागतात. पगारदार ते देऊ शकतो. आठवड्याला हातात पैसे येणारी बाई पाव किलो डाळ, शंभर ग्रॅम तेल घेते आणि किलोमागे जास्त मोजते. तेलाच्या पिशव्याही आता ९१०, ८५०, ८०० ग्रॅम अशा सरकत्या वजनाच्या. पुड्यावर बारीक अक्षरात छापलेला प्रति ग्रॅम वा किलोचा भाव वाचायची सवय लावून घ्यावी, हा मला पटणारा आणखी एक घरगुती सल्ला. बाकी तेलाचा भाव आपल्या कढईत ठरतच नाही. निम्म्याहून अधिक खाद्यतेल देश बाहेरून आणतो. १४ सप्टेंबर २०२४ ला, ऐन नवरात्र-दिवाळीच्या तोंडावर, कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क उपकरांसह ५.५ वरून २७.५ टक्के झालं आणि मे २०२५ च्या अखेरीस १६.५ वर आलं. त्या दोन तारखांपुढे एक पळी फोडणी कमी करणं ते काय!

शुल्क वाढवलं ते इथल्या सोयाबीनवाल्यासाठी, हेही खरं, आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप तोच: स्वस्ताई हवी म्हणजे शेतकऱ्याने मरावं का? सोलापूरकराला याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये याच बाजार समितीत निवडक कांद्याला क्विंटलमागे २०,००० रुपये मिळाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे हमाली, तोलाई, भाडं वजा जाऊन दोन रुपयांचा धनादेश मिळाला. शाळूला दीडपट भाव मिळतो तो मिळू दे. कष्टाला तो कमीच आहे. वाद भावाशी नाही, तो कुणी आणि कुठल्या महिन्यात भरायचा याच्याशी आहे. १९७२ ला, रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी येण्याच्या त्या दिवसांत, मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सोबतिणी लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. त्यांनी भाव हा एकेका घराच्या हातखर्चाचा मामला मानला नाही, हे मला त्यांच्या मोर्च्यांहून मोठं वाटतं. रेशनच्या गव्हातला थोडा भाग शाळूने भरून काढावा, इथल्याच शेतकऱ्याकडून हमीभावाने घेऊन, ही मागणी म्हणूनच करावी. आणि ती मान्य होईपर्यंत बचत गटांनी भिशीचा एक हप्ता शाळूच्या सुगीला काढावा: दहा घरांची पोती एकदम, एकाच टेम्पोतून. मग अडचण पैशाची तितकी उरत नाही, जागेची उरते. पूर्वी पेवं होती, कणगी होत्या. एका खोलीच्या घरात पोतं ठेवायचं कुठे, उंदरापासून राखायचं कसं, आणि वस्तीतल्या समाजमंदिराच्या एका खोलीला कुलूप लावून तिची किल्ली कुणाकडे द्यायची, यावर दहा घरांचं एकमत व्हायला धान्याच्या भावापेक्षा जास्त घासाघीस करावी लागेल.