बिडाचा तवा

सुरतेच्या दक्षिण अंगास, पांडेसऱ्याला लागून असलेली बमरोली ही यंत्रमागांची वस्ती. सुरत-भुसावळ लोहमार्गाने आलेली कितीतरी खानदेशी कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांच्या सामानातून आलेले बिडाचे तवे मात्र आता भंगाराच्या हातगाडीवर दिसतात. तेथून उचललेले तीन तवे आज आमच्या ओट्यावर आहेत.

भंगारात बीड ओळखावे कसे? घडीव लोखंडावर हातोड्याचे ठोके दिसतात व ते वाकते. बीड साच्यात ओतलेले. म्हणून जाड, रवाळ आणि आपटल्यास तडकणारे. त्यात शेकडा २ ते ४ भाग कर्ब असतो; त्यामुळेच ते कमी उष्णतेत वितळते, पण ठिसूळही होते. तव्यावर टिचकी मारावी : खणखणीत नाद आला तर तवा धड, बद्द आला तर भेगाळलेला.

गंज चिंचेच्या कोळाने घासून काढावा आणि तवा धुऊन लगेच विस्तवावर सुकवावा. मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर थांबेपर्यंत तापवावा, असे चार-पाचदा. तापलेल्या तेलाचे काळे, गुळगुळीत कवच धातूवर बसते. तापल्या तव्यावर गार पाणी मात्र कधीही ओतू नये.

आमच्या शाळेतील मुलांना ‘बीड’ हे केवळ जिल्ह्याचे नाव म्हणून ठाऊक आहे. वस्तू गेली की तिच्यामागून शब्दही जातो. तेव्हा वाचकहो, आजीचा तवा भंगारात घालण्यापूर्वी त्यावर एक धिरडे घालून पाहा.