पंचावन्न लिटरचा हिशेब

चाकूर
रविवार

चि. अभय यास,


तुझा फोन आला तेव्हा मी गिरणीत दळण घेऊन उभी होते. त्या खडखडाटात 'मासे' एवढाच शब्द कानावर आला आणि मला वाटलं, वहिनींनी गोदावरीचे मासे आणलेत. संध्याकाळी तुझा निरोप वाचला तेव्हा उलगडा झाला. त्यासोबतचा गोल काचेच्या भांड्याचा फोटोही पाहिला. ते भांडं घेऊ नकोस. पाणी थोडं, वर तोंड अरुंद म्हणून हवा मिळायची ती कमी, आणि झाडं लावायला तळ नाही. त्यात मासा जगत नाही, फक्त मरायला वेळ लावतो. फोनवर हे सगळं सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी सहा मिलिमीटर काचेची पेटी करून घे. माझी तेवढीच आहे. एका घनफुटात 28 लिटरच्या वर पाणी मावतं, म्हणजे काठोकाठ भरली तर सत्तर लिटर. माती, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की पंचावन्न उरतात. भरलेली पेटी माणसाएवढी जड होते, तेव्हा पुस्तकांच्या फळीवर ठेवायचा विचार मनातून काढ. मजबूत टेबल, त्यावर थर्माकोल, त्यावर पेटी. आणि खिडकीजवळ नको. माझी ही पेटी मी सुरुवातीला हौसेनं पूर्वेच्या खिडकीत ठेवली होती. महिन्याभरात पाणी असं हिरवंगार झालं की मासे शोधायला बॅटरी लावावी लागायची.

तिच्याआधीची माझी पहिली पेटी म्हणजे तर फजितीच होती. निळे खडे, प्लास्टिकची झाडं, बुडबुडे सोडणारा एक शिंपला आणि दुकानदारानं एकदम दिलेले आठ मासे. मी घासलेल्या भांड्यासारखी ती लख्ख ठेवायची. फिल्टरचा स्पंजसुद्धा नळाखाली चोळून धुवायची. सहा दिवसांत आठही गेले. कारण मला पुढे कधीतरी कळलं. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि नायट्रेट झाडं खातात. हे जिवाणू जमायला पाच-सहा आठवडे लागतात. मी ते जमायच्या आत मासे सोडले आणि जे चार जमले असतील ते नळाच्या क्लोरीननं धुऊन काढले. बरं, आपलं बोअरचं पाणी जड, पीएच आठच्या आसपास. सात पीएचला, पंचवीस अंशांना, अमोनियाचा शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो. आठला तो पाचपर्यंत जातो. उन्हाळ्यात आणखी वर. म्हणजे मुंबईच्या मऊ पाण्यात निभावून जाणारी चूक चाकुरात निभत नाही.

तू नांदेडचा, तुमच्याकडे विष्णुपुरीचं पाणी. तरी इथलं ऐकून ठेव, कारण तुमच्या सोसायटीचाही बोअर आहे आणि उन्हाळ्यात त्याचंच पाणी टाकीत पडतं. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो का बघ. बसत असेल तर आपलं दुखणं एकच.

आता 2016 सालचं सांगते. तू तेव्हा शाळेत होतास, रेल्वेनं पाणी आलं तेवढं तुला आठवत असेल. एप्रिलच्या 12 तारखेला मिरजेहून पहिली गाडी लातूरला लागली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. मांजरा धरण कोरडं पडलेलं. लातुरात पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती. आम्ही इकडे टँकरच्या दिवसांवर महिना मोजायचो. आणि माझ्या बैठकीत पंचावन्न लिटर पाणी, दिव्याखाली, झळझळत उभं. शेजारच्या काकू उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "माणसाला घोटभर पाणी नाही आन् हिचे मासे पवायलेत." मला त्या रात्री झोप आली नाही. खोटं काय बोलल्या त्या?

दुसऱ्या दिवशी मी वहीत हिशेब मांडला. तोवर दर आठवड्याला दहा लिटर पाणी बदलायची, म्हणजे महिन्याला चाळीस. तेही मोरीत जात नव्हतं, कढीपत्त्याला आणि तुळशीला जायचं (त्या पाण्यावर कढीपत्ता असा माजतो की विचारू नकोस). पण चाळीस म्हणजे चाळीस. मी बदलणं थांबवलं. मासे निम्मे शाळेच्या हौदात दिले, उरलेल्यांचं खाणं एक दिवसाआड केलं. या पेटीत खाली माती होती आणि झाडं दाट होती. मला बादल्यांनी जे करावं लागायचं ते झाडांनी केलं. अडीच महिने पाणी बदललं नाही. एकही मासा मेला नाही.

हे काही माझं डोकं नव्हे. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टननं 1850 मध्ये असाच प्रयोग मांडला होता: काचेच्या भांड्यात पाणी, दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती. झाडाची जुनी पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं तेव्हा त्यानं ती खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या आणि गाडं मार्गी लागलं. पंप नाही, वीज नाही. आपल्याकडे वीज केव्हा जाईल ते सांगता येत नाही, तेव्हा मला तो माणूस फार जवळचा वाटतो.

एक मात्र मी तेव्हा चुकता चुकता राहिले. उन्हाळ्यात पेटीतून रोज अर्धा-पाऊण लिटर पाणी उडून जातं. उडतं ते पाणी. त्यातला क्षार मागेच राहतो. वरून पुन्हा बोअरचंच ओतत गेलं की पाणी दिवसेंदिवस खारट-जड होत जातं, आणि पातळी भरलेली दिसते म्हणून आपण निश्चिंत. माझ्या काचेवर पांढरी रेघ उमटली तेव्हा ट्यूब पेटली. तेव्हापासून भर घालायची ती आरओ फिल्टरच्या, नाहीतर पावसाच्या पाण्याची. पहिले दोन पाऊस पत्रे धुऊन जाऊ देते, तिसऱ्याला पन्हळीखाली टाकी लावते.

माती कुठून आणायची विचारशील. सोयाबीनच्या शेतातली नको. त्यात डीएपी, युरिया, तणनाशक सगळं असतं, म्हणजे पुन्हा अमोनिया. नुसती काळीही नको, ती फुगते आणि चिकटून बसते. खत न घातलेला पोयटा चाळून घे, इंचभर पसर. त्यावर दीड-दोन इंच जाडसर वाळू, पाणी नितळ येईपर्यंत धुतलेली. वाळूवर आधी व्हिनेगर टाकून बघ. फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे, ती पाणी आणखी जड करते. पाणी ओतताना ताटलीवर ओत, नाहीतर सगळी माती वर येईल आणि तू मला शिव्या घालशील.

झाडांचं आपलं नशीब चांगलं. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला या दोन्ही आपल्याच देशातल्या, आणि जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही त्या कार्बन घेऊ शकतात. गॅसच्या महागड्या बाटल्यांची गरजच नाही. व्हॅलिस्नेरियाची एक गंमत: नराचं फूल देठापासून सुटून पाण्यावर तरंगत मादीच्या फुलाकडे जातं. माझ्या पेटीत मादीचं फूल एकदाच आलं, लांब वेटोळ्या देठावर, तांदळाच्या दाण्याएवढं. मी दोन दिवस पाहुण्यांना चहाआधी तेच दाखवत होते. तळ्यातून झाडं आणलीस तर नीट खंगाळ. चतुराची अळी आली तर पिल्लं एकेक करून फस्त करते.

दिवा आठ तास, जास्त नको.

मासे म्हणशील तर गप्पी. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खातं ते हौदांत सोडतं. माझे तिथूनच आले. जड पाणी त्यांना मानवतं. महिन्याभरात पिल्लं देतात, तेव्हा सुरुवात चारांनीच कर. पुढे जास्त झाले तर मित्रांना दे, पण नदीत सोडू नकोस. गप्पी इथला नव्हे, दक्षिण अमेरिकेकडचा. आणि दुकानदार 'काच चाटतो' म्हणून सकर मासा गळ्यात मारेल, तो तर मुळीच घेऊ नकोस. वाढून फूटभराचा होतो.

मे महिन्यात पेटीचं पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. माठ पाझरतो म्हणून गार राहतो, काच पाझरत नाही. मी झाकण काढून वर छोटा पंखा लावते. दोन-तीन अंश उतरतात. त्या दिवसांत भर जास्त घालावी लागते, ते मी वहीत मांडते. ती वही अजून चालू आहे.

हे सगळं माझ्यात कुठून आलं, असं तुझे बाबा चिडवतात. त्यांना आठवणार नाही, ते तेव्हा पाळण्यात होते. आपल्या जुन्या घरच्या आडात आबांनी मासे सोडले होते. सकाळी पोहरा टाकण्याआधी ते वाकून बघायचे. मासा दिसला की मगच पहिली घागर. बहात्तरच्या दुष्काळात आड तळाला गेला. मी सहा वर्षांची. आबा दोर धरून उतरले आणि घागरीत चिखलपाणी आणि तीन मासे घेऊन वर आले. आईनं काही न बोलता रांजण रिकामा करून दिला. पुढे त्या माशांचं काय झालं, मला आठवत नाही. विचारायला आता आबाही नाहीत, आईही नाही.

बुधवारी दुपारच्या नांदेड गाडीनं कंडक्टरकडे स्टीलचा डबा देते आहे. ओल्या वर्तमानपत्रात व्हॅलिस्नेरियाची बारा रोपं आहेत, खालच्या पुड्यात पाच शंखी गोगलगायी. गाडी अहमदपूर, लोहा करत येते, स्टँडवर वेळेत ये. डबा आईचा आहे, वहिनींच्या फडताळात जाऊ देऊ नकोस. परत पाठव.

तुझी,
आत्या